गोठवलेला पांढरा मासा: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत आमच्या घरी आठवड्यातून तीनदा, म्हणजे आतापर्यंत शंभराहून अधिक वेळा, गोठवलेल्या कच्च्या पांढऱ्या माशाचे तुकडे शिजले आहेत. बहुतेक वेळा कॉड, अधूनमधून हॅडॉक आणि पोलॉक; हे सगळे थंड समुद्रातले, पांढऱ्या मांसाचे, एकाच कुळातले मासे. सुरुवात वडिलांसाठी झाली. त्यांचे वय ७२ आहे, दाढा काढल्यापासून त्यांना मांस चावत नाही, आणि प्रथिने वाढवून स्निग्ध पदार्थ आवरते घ्यावेत असा आहारतज्ज्ञांचा सल्ला होता. पहिल्या आठवड्यात मी गोठलेला तुकडा तसाच तव्यावर टाकला. दोन मिनिटांत तव्यात पाण्याचे तळे झाले आणि मासा परतला जाण्याऐवजी त्या पाण्यात रटरटत राहिला. ताट पुढे ठेवल्यावर बाबा एवढेच म्हणाले, “अगं, याला पाणी फार सुटलंय.” पुढच्या नऊ महिन्यांत मी या माशाबद्दल जे काही शिकले, ते जवळजवळ सगळे त्या एका वाक्याभोवती फिरते. याचे पोषण, वजन, चव आणि पोत या साऱ्यांची गुरुकिल्ली पाण्यातच आहे.

आधी पोषणाविषयी लिहिते, कारण मासा घरात आला तो त्यासाठीच. कच्च्या अटलांटिक कॉडच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८१ ग्रॅम पाणी, जवळजवळ १८ ग्रॅम प्रथिने आणि एका ग्रॅमहून कमी स्निग्धांश असतो. कर्बोदके नसतात आणि ऊर्जा भरते सुमारे ८२ किलोकॅलरी. हॅडॉकमध्ये प्रथिने किंचित कमी, १६ ग्रॅमच्या आसपास, आणि ऊर्जा ७५ किलोकॅलरीच्या जवळ. हे मासे आपली चरबी मांसात न साठवता यकृतात साठवतात, म्हणून मांस इतके हलके असते. अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी नावाजलेले कॉडचे तेलही यकृताचेच असते, मांसाचे नव्हे. हे माहीत नसल्यामुळे पांढरा मासा खाल्ला की ड जीवनसत्त्वाची आणि ओमेगा-३ ची चिंता मिटली, असे मी पहिले काही आठवडे धरून चालले होते. प्रत्यक्षात कॉडच्या १०० ग्रॅममध्ये ओमेगा-३ जेमतेम ०.२ ग्रॅम मिळते, तर पाळीव सॅल्मनमध्ये ते दोन ग्रॅमच्या घरात असते. ज्यांना मासा मुख्यतः ओमेगा-३ साठी हवा आहे, त्यांनी तेलकट मासाच घ्यावा. पांढऱ्या माशाचे बळ पचायला हलक्या, पूर्ण प्रथिनांत आहे. त्याच्या जोडीला सेलेनियम, फॉस्फरस, आयोडीन आणि काही प्रमाणात ब-१२ मिळते. सेलेनियम तर १०० ग्रॅममध्ये ३३ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक असते. पाऱ्याचे प्रमाण कमी असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा खाताना मनात धास्ती राहत नाही, हेही माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रथिनांचा हिशेब मात्र मी दोन महिने चुकीचा केला. शिजवलेल्या माशाचे वजन करून त्याला कच्च्या माशाचे आकडे लावत होते. शिजताना पाणी निघून जाते आणि तुकडा हलका होतो, पण प्रथिने बहुतांशी जागेवर राहतात. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅम कॉडमध्ये प्रथिने सुमारे २३ ग्रॅम भरतात. आता मी मासा कच्चाच तोलते आणि बाबांसाठी १५० ग्रॅम घेते, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम प्रथिने.

तोलण्याच्या या सवयीमुळेच माझी पुढची तक्रार पुराव्यासह उभी राहिली. गोठवलेल्या माशावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात. त्यामुळे मांसाला हवा लागत नाही आणि ते सुकत नाही, म्हणजे पद्धत मुळात योग्यच आहे. पण चौथ्या महिन्यात आणलेल्या एका पुडक्यावर एकूण वजन ५०० ग्रॅम छापले होते आणि बर्फ उतरून पाणी निथळल्यावर माझ्या काट्यावर ३९० ग्रॅम भरले. जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याचा! त्या पुडक्यावर बर्फाशिवायचे वजन कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिले होते. तेव्हापासून मी तेवढाच आकडा वाचते. त्याच पुडक्याच्या घटकांत मासा आणि पाण्याबरोबर सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, म्हणजे ई ४५१ या सांकेतिक क्रमांकाचा अन्नात मिसळायचा क्षार, हेही होते. हे क्षार मांसाला पाणी धरून ठेवायला लावतात. तुकडा फुगलेला, चकचकीत दिसतो, शिजताना पांढुरके पाणी सोडत राहतो आणि दाताखाली काहीसा रबरासारखा लागतो. नुसत्या कच्च्या कॉडच्या १०० ग्रॅममध्ये सोडियम पन्नास-पंचावन्न मिलिग्रॅमच असते, पण अशी प्रक्रिया केलेल्या माशात ते कित्येक पट वाढलेले असू शकते. बाबांना रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी किरकोळ नव्हती. घटकांच्या जागी ‘मासा’ या एकाच शब्दाखेरीज काही छापलेले असेल, तर ते पुडके मी परत ठेवते.

आता पूर्वतयारीविषयी. माझ्या अनुभवात निम्मे यश इथेच ठरते. मासा आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवलेल्या चाळणीत ठेवावा, म्हणजे वितळलेले पाणी खाली निथळते आणि तुकडा त्यात भिजत पडत नाही. हवाबंद पुडके असेल, तर वितळवण्याआधी त्याला चीर द्यावी किंवा मासा बाहेर काढावा. बॉट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या एका गंभीर विषबाधेचे, विष तयार करणाऱ्या जिवाणूंचा एक प्रकार प्राणवायू नसताना फ्रीजच्या थंडाव्यातही, सुमारे तीन अंश सेल्सिअसपासून पुढे, वाढू शकतो. ही सूचना बऱ्याच पुडक्यांवर असते. मी ती सहा महिने वाचलीच नव्हती. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवणे मी पूर्ण बंद केले आहे, कारण तसे केले की बाहेरचा भाग मऊ होऊन पाणी सोडतो आणि आतला गाभा दगडासारखाच राहतो. नळाखाली धुणेही बंद केले. त्याने स्वच्छता वाढत नाही, उलट शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटाभर पसरतात आणि मासा आणखी पाणी पितो.

मग तुकडा कागदी टॉवेलने टिपायचा. हे काम दिसते क्षुल्लक, पण त्याला घाई चालत नाही. पहिला कागद क्षणात ओला होतो, दुसरा थोडा सावकाश, आणि तिसऱ्या कागदावर हाताने हलकेच दाब दिल्यावर ओलीचा पुसटसा डाग उठला की मासा तयार झाला असे मी समजते. तोवर पृष्ठभागाची चमक गेलेली असते आणि बोटाला तो किंचित चिकटतो. असा तुकडा गरम तेलात ठेवला की लगेच चरचर ऐकू येते. पुरता न टिपलेला तुकडा ठेवला, तर आधी फसफस होते आणि वाफ उठते.

टिपल्यावर काटे तपासते. ‘काटे काढलेले’ असे छापलेल्या तुकड्यात तिसऱ्या महिन्यात बाबांच्या जिभेला काटा लागला. सुदैवाने त्यांनी तो वेळीच बाहेर काढला, पण मला त्या दिवशी जेवण गेले नाही. आता प्रत्येक तुकड्याच्या जाड भागावरून, मधल्या रेषेच्या कडेने, बोटाचे टोक शेपटीकडून डोक्याच्या बाजूला आणि पुन्हा उलट फिरवते. काटा असेल तिथे सुईच्या टोकासारखे टोचते. काटे डोक्याच्या बाजूला कललेले असतात, म्हणून चिमट्याने त्याच दिशेने ओढले की मांस न फाटता सरळ निघतात.

पाचव्या महिन्यात एका तुकड्यात तपकिरी रंगाची, दोन-तीन सेंटीमीटरची गुंडाळलेली अळी सापडली. पहिल्यांदा पाहताना किळस येते, हे मान्य करते. पण समुद्रातल्या कॉडमध्ये अशा कृमींच्या अळ्या आढळणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. नीट गोठवल्याने आणि पूर्ण शिजवल्याने त्या मरतात. मी तेवढा भाग कापून काढला आणि उरलेला मासा नीट शिजवला. या निमित्ताने एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मी ‘कच्चा मासा’ म्हणते तो न शिजवलेला, घरी शिजवण्यासाठी आणलेला मासा. तो तसाच खाण्यासाठी नाही. कच्चा खाण्याच्या माशासाठी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची सूचना उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा पुरता गोठल्यानंतर उणे ३५ अंशांवर १५ तास, अशी आहे. घरचा फ्रीझर सहसा उणे १८ च्या आसपासच असतो. शिवाय गोठवण्याने कृमी मरतात, सगळे जिवाणू मरत नाहीत. वृद्ध माणसे, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना तरी असा मासा कच्चा अजिबात देऊ नये.

शिजवण्यात मला सर्वांत विश्वासाची वाटली ती वाफ. अडीच सेंटीमीटर जाडीला दहा मिनिटे हा ढोबळ हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, पण मी सात मिनिटांनंतर पाहायला सुरुवात करते. माशाच्या मांसात आडवे पदर असतात आणि त्यांना जोडणारे पातळ पडदे कमी उष्णतेतच विरघळतात. काट्याचमच्याने हलकेच दाबल्यावर पदर आपोआप सुटे झाले आणि मधली काचेसारखी झाक जाऊन पांढरेपणा आला, की झाले. तापमापी असेल, तर गाभ्यात ६३ अंश पाहावेत. त्यापुढे दोन-तीन मिनिटांत पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि बाबांना चावता येणारा मासा चोथा होऊन जातो. शेपटीकडचा पातळ भाग मी खाली दुमडून ठेवते, म्हणजे जाडी सारखी होते. ताटलीत साचलेला रस फेकत नाही, कारण ब गटातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क्षार त्यात उतरलेले असतात. तो तुकड्यावरच ओतते. तव्यावर करायचा असेल, तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून त्यात दहा मिनिटे ठेवल्याने मांस घट्ट होते आणि पांढरा साका कमी सुटतो. पण मिठामुळे बाबांच्या तुकड्यापुरते ते मी करत नाही.

वासाची तक्रार बरेच जण करतात. ताज्या किंवा नीट गोठवलेल्या पांढऱ्या माशाला समुद्राच्या पाण्यासारखा मंद वास असतो. उग्र वास ट्रायमिथाइलअमाइनचा असतो आणि तो जिवाणूंच्या कामामुळे वाढत जातो. लिंबाने तो दबतो हे खरे, पण दाबावा लागेल इतका वास येत असेल तर मासा शिजवूच नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या मालाची आणखी एक खूण कॉडच्या कुळात दिसते. फ्रीझरमध्ये महिनोन्महिने पडून राहिल्यावर त्याच्यातल्या एका घटकाचे हळूहळू विघटन होऊन अत्यल्प फॉर्माल्डिहाइड तयार होते. त्याने प्रथिने एकमेकांना बांधली जातात, पाणी धरून ठेवण्याची त्यांची ताकद जाते आणि मांस कोरडे, तंतुमय होते. फ्रीझरचे तापमान वरखाली होत राहिले की हे लवकर घडते. सातव्या महिन्यात मागे राहून गेलेले एक पुडके मी शिजवले तेव्हा वेळ, वाफ, जाडी सगळे नेहमीसारखे होते, तरी बाबांनी दोन घासांनंतर ताट सरकवले. मीही चाखून पाहिले. चावताना कापसाचा बोळा तोंडात फिरतो तसे वाटत होते. ते पुडके नेमके कधीचे होते, हे मला आठवेना. आता घरात आणल्याबरोबर प्रत्येक पुडक्यावर पेनाने तारीख घालते, नवे पुडके जुन्याच्या मागे ठेवते आणि तीन महिन्यांपलीकडे काही उरू देत नाही.