ट्रेल कॅमेरा: तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर

ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. आधी निकाल सांगतो. कॅमेरा चांगला आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त तो कुठे आणि कसा बांधायचा याला वेळ द्यावा लागतो, आणि खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नसतं. तिथे असतात मोठमोठे मेगापिक्सेल. आतला फोटो टिपणारा सेन्सर बहुतेक वेळा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, उरलेले ठिपके सॉफ्टवेअर भरून काढतं. सगळ्यात मोठ्या सेटिंगवरचा फोटो झूम करून बघा, हरणाच्या कानावरचा एक केस जास्त दिसणार नाही. कार्ड मात्र लवकर भरतं. मी मधली सेटिंग ठेवतो.

खरा खेळ पीआयआर सेन्सरचा, म्हणजे अंगाची उष्णता हेरणाऱ्या सेन्सरचा आहे. भिंगाखाली पांढरट, फुगीर खिडकी दिसते ना, तिच्यामागे तो बसलेला असतो. समोरची जागा तो पट्ट्यांमध्ये वाटून घेतो आणि आजूबाजूपेक्षा गरम काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की कॅमेऱ्याला जागं करतो. हे एकदा डोक्यात बसलं की बरीच कोडी सुटतात. हरीण आडवं गेलं तर सहसा सुटत नाही. तेच समोरून सरळ चालत आलं तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतं आणि फोटो निघेपर्यंत नाक भिंगाला लागायची वेळ येते. मग कॅमेरा वाटेला काटकोनात लावावा, तर जनावर चौकटीतून निघून जाईपर्यंत कॅमेरा जागा होत असतो आणि हाती नुसती शेपटी लागते. म्हणून वाटेला साधारण ४५ अंशांत तिरका आणि वाटेपासून तीन ते पाच मीटरवर. जनावर तिरकं पुढे येतं, चौकटीत जास्त वेळ राहतं आणि सलग तीन फोटोंची सेटिंग असेल तर एखादा तरी धड निघतो.

उन्हाळ्याच्या दुपारी मात्र हा सेन्सर आंधळा होतो. हवा तापून जवळजवळ जनावराच्या अंगाइतकी गरम झाली की त्याला फरकच कळत नाही. वर उन्हात तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की तेच त्याला जनावर वाटतं. एकदा अख्ख्या कार्डावर एकाच गवताच्या पात्याचे शेकडो फोटो होते, सगळे सुरेख फोकसमध्ये! तेव्हा समोरचं गवत आणि लोंबणाऱ्या फांद्या बाजूला करायच्या (परक्याच्या जागेत विचारल्याशिवाय नाही) आणि कॅमेरा मनगटाएवढ्या बारीक झाडाला कधीच बांधायचा नाही. झाड हललं की कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळं जगच हलतं.

हरणासाठी उंची ८० ते १०० सेंटीमीटर. ससा, साळिंदर हवं असेल तर गुडघ्याच्या खाली. चढावर बांधताना कॅमेऱ्याचा कोन जमिनीच्या उताराशी जुळवा, नाहीतर जनावराच्या पाठीवरून नुसतं आभाळ येतं. माझा उपाय साधा आहे: पट्टा आवळताना कॅमेऱ्याच्या मागे वरच्या बाजूला बोटाएवढी काडी सारतो, भिंग हवं तेवढं खाली झुकतं. मग टेस्ट मोड लावून समोरून चार पायांवर रांगत जायचं. कोणी बघत नाही अशी वेळ निवडा. लाल दिवा कुठे लागतो त्यावरून सेन्सरची हद्द नेमकी कळते. तोंड शक्यतो उत्तरेला (दक्षिण गोलार्धात दक्षिणेला), कारण हरणं बाहेर पडतात पहाटे आणि संध्याकाळी, आणि नेमका तेव्हाच सूर्य भिंगात घुसतो.

जागेचं म्हणाल तर मोकळ्या कुरणाच्या मधोमध लावून फार काही मिळत नाही. जनावर कुठूनही येतं, कुठूनही जातं. जिथे त्याला एकाच ठिकाणून जावं लागतं ती जागा शोधा: झाडी संपून कुरण सुरू होतं तिथली खुरांनी मळलेली वाट, कुंपणातली फट, ओढ्याचा उथळ उतार. ताज्या लेंड्या आणि शिंगं घासून सोललेलं खोड दिसलं तर आणखी काय हवं. मीठ किंवा खाणं टाकून हरणं बोलवू नका. एका जागी गोळा झाली की त्यांच्यात रोग पसरतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर बंदीही असते.

रात्रीसाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड (डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या) प्रकाशाचे दिवे असतात, त्यांच्या दोन जाती मिळतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एलईडीचा प्रकाश लांब जातो, पण दिवे मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, मात्र पल्ला कमी आणि फोटो जरा खरबरीत. माझा ८५० चा. एका मालिकेत मादी थेट भिंगात बघतेय, दोन्ही कान पुढे. दुसऱ्या फोटोत पुढचा एक पाय उचललेला. तिसरा रिकामा. आता तिला दिवा दिसला की अंधार पडताना आतली फिल्टरची पट्टी ‘टक’ करून सरकते तो आवाज ऐकू आला, हे सांगता यायचं नाही. तरी हे त्रास किरकोळच म्हणायचे. अमेरिकेत वन्यजीवांचे फोटो काढणारे जॉर्ज शिरास यांनी १८९० च्या दशकात रात्री हरणांचे फोटो काढले तेव्हा फ्लॅशची पावडर पेटायची. १९०६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. त्या भडक्यापुढे आपला लाल ठिपका काहीच नाही.

बॅटरीत काटकसर नको. अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो आणि आधी रात्रीचे फोटो काळवंडतात. दिवसाचे ठीक येत असल्याने लक्षात येत नाही. लिथियम एए महाग पडतात, पण कडाक्याच्या थंडीतही टिकल्या. रिचार्जेबल १.२ व्होल्टच्या असल्याने इंडिकेटर उगाच लवकर बोंब मारतो. जुन्या-नव्या एकत्र घालू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

पावसात आत पाणी गेलं नाही, हे मान्य करायला हवं. मुंग्या गेल्या. दाराच्या रबरी पट्टीत माती अडकली की फट राहते, म्हणून दर वेळी ती पुसून घेतो आणि आत सिलिका जेलची पुडी टाकतो. भिंगापुढे कोळ्याने जाळं विणलं तर रात्रीचा प्रत्येक फोटो पांढराफटक, तेही पुसायचं. कार्ड काढायला मात्र सारखं जाऊ नका. माणसाचा वास राहतो आणि हरणं वाट बदलतात. मी आता दोन-तीन आठवड्यांनी जातो, तेही भर दुपारी. वाटेवरून जाणारी माणसंही फोटोत येतात. ते फोटो तिथल्या तिथे पुसतो.

दुसरा घेतला तर ९४० वालाच घेईन आणि ओढ्याच्या उतारावर लावीन. तिथे जनावर जवळून जातं, लांबच्या पल्ल्याची गरजच नाही.