चामड्याचं काम शिकायचंय? किट मागवण्याआधी फोंड्याचं हे दुकान बघा

फोंड्याच्या बाजारात चपला शिवणाऱ्यांना सामान पुरवणारं एक चिंचोळं दुकान आहे. दर्शनी बाजूला रबरी सोल, सोल्युशनचे डबे आणि बकलांच्या माळा, त्यामुळे हौसेनं चामड्याचं काम करणारा माणूस सहसा आत शिरत नाही. त्यानं जरूर शिरावं. पाकीट, पट्टा, चाव्यांची पट्टी घरी शिवायला शिकणाऱ्यासाठी गोव्यात मला याहून चांगली जागा मिळालेली नाही.

मालक काका निपाणीकडचे, माल बराचसा कोल्हापूर-बेळगावकडून येतो. मोठं कातडं चौरस फुटावर आणि तुकडे किलोवर. शिकणाऱ्यानं तुकडेच घ्यावेत. माझी पहिली खरेदी पाचशेच्या नोटेत बसली आणि पुष्कळ दिवस पुरली.

या दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण देतो ते काकांच्या सांगण्यासाठी. मी एक मऊ, चकचकीत तुकडा उचलला तर म्हणाले, “ते नको, क्रोम हाय. त्याची कड बसत न्हाई.” क्रोम म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं. मग दोन तुकडे शेजारी ठेवून दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकला. एकावर थेंब तसाच उभा राहिला. दुसऱ्यानं तो पिऊन टाकला आणि तिथं गडद डाग उमटला. हे दुसरं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं. ओलं करून दाबलं की आकार धरतं, कड घासली की गुळगुळीत होते. शिकायला हेच हवं. पाकिटाला दीड मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला तीनच्या आसपास बघा.

अवजारांत काकांकडून फक्त आरी, म्हणजे भोकं पाडायचा टोच्या, घ्या. लाकडी मुठीची साधी आरी स्वस्त आहे आणि उत्तम आहे. बाकी घरात असतं. मी कुंडईला कारखान्यात फिटर आहे, त्यामुळे हॅकसॉचं मोडकं ब्लेड ग्राइंडरवर घासून रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, केली. ग्राइंडर नसेल तर कागद कापायचं कटर चालतं, फक्त पातं वरचेवर बदला. कडेला समांतर रेघ मारायला कंपासपेटीतलं कर्कटक घ्यायचं. एक टोक चामड्याच्या कडेवरून सरकतं, दुसरं रेघ ओढतं. त्या रेघेवर जेवणाचा काटा दाबायचा. शेवटच्या खुणेत काट्याचा पहिला दात बसवून पुढं सरकलं की सगळे टाके एका मापाचे येतात. मग आरीनं भोकं.

शिवण एक दोरा, दोन सुयांची. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा, दोन्ही टोकांना सुई ओवायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून काम दोन फळ्यांत धरून गुडघ्यांत दाबतो. मशीनचा एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते. इथं एका बाजूचा टाका झिजला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. शेवटी कड थोडी ओली करून जीन्सच्या चिंधीनं जोर लावून घासायची आणि वर मधमाश्यांचं मेण.

रंगाचे महागडे डबेही लागत नाहीत. आपल्याकडचं माडाचं विनेगर बरणीत ओतून त्यात लोखंडी खिळे टाकायचे, झाकण सैल ठेवायचं, आठवड्याभरानं गाळायचं. पाण्यासारखं दिसणारं हे द्रावण चामड्यावर फिरवलं की डोळ्यांदेखत काळं होतं, कारण सालीतलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारा तुरट अंश, लोखंडाशी मिळतं. रंग वर बसत नाही, आतच तयार होतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून, वाळवून, खोबरेलाचा हात द्यायचा. क्रोमवर हे चालत नाही. याच कारणानं ओल्या चामड्यावर लोखंडी वस्तू ठेवू नये. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) कोयत्याला म्यान केलं तेव्हा कोयता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच ओलं चामडं त्यावर बसवलं.

दुकानातल्या दोन गोष्टी मात्र पसंत नाहीत. दोरा जाड, चमकणारा नायलॉनचा, पाकिटावर ओबडधोबड दिसतो. तो दुसरीकडून आणा, पातळ आणि मेण लावलेला. दुसरं म्हणजे चामड्याचे थर जोडायची धातूची रिव्हेट. वर मुलामा, आत लोखंड. आपल्या खारट हवेत ती गंजतात आणि भोवतीचं चामडं काळं पडतं. पितळेची आहेत का, असं स्पष्ट विचारा. कधी असतात, पण मागितल्याशिवाय काढत नाहीत.

पावसाळ्यात जास्त माल भरून ठेवू नका. काकांच्या फळीवरच्या तुकड्यांनाही जुलैत बुरशीची पांढरी पूड दिसते. ती पुसली जाते, पण घरी आणल्यावर हवेशीर जागी, कापडात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि जायचं तर सकाळी जा. दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी चपलावाल्यांची गर्दी होते आणि तुकड्यांचा ढीग निवांत उपसता येत नाही.