मातीचा तीन मजली कंपोस्ट बिन, ६ महिने वापरून

ओल्या कचऱ्याचं खत करायला आधी प्लॅस्टिकची नळवाली बादली होती पण झाकण नीट बसायचं नाही, पावसाळ्यात इतकी चिलटं झाली की सासूबाई बाल्कनीत जाईनात. म्हणून हा घेतला. मातीतून हवा खेळते, पाणी साचत नाही, वास खरंच नाही. पण नुसता बिन घेऊन भागत नाही हां, ओल्या कचऱ्यावर दरवेळी सुका पाला नाहीतर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) चांगला जाड थर द्यायचाच, कलिंगडाच्या साली तर बारीक चिरूनच. करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात, ओल जास्त झालीय समजून सुकं वाढवा. मासे-मटणाची हाडं मी टाकतच नाही, उंदीर येतात. भोकांना बारीक तारेची जाळी मात्र स्वतःच लावावी लागली, ती सोबत द्यायला हवी होती राव! भरलेला मजला उचलायला दोघं लागतात.