फ्रान्समधील भाषा-सहायक की थायलंडमधील शाळा : विदर्भातील इंग्रजीच्या पदवीधरासाठी एक तुलना

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्याच्या गावी इंग्रजीत पदवी आणि बी.एड. करून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अनेकांच्या मनात परदेशी शाळेत सहायक शिक्षक होण्याचा विचार असतो. माझ्याकडे येणारे विद्यार्थी बहुतेक वेळा आधी देशाचे नाव घेतात आणि कामाचे स्वरूप नंतर विचारतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

फ्रान्समधील भाषा-सहायक हा तेथील शासकीय कार्यक्रम आहे. करार 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल असा 7 महिन्यांचा असून आठवड्याला 12 तासच काम असते. मुख्य शिक्षक वर्ग सांभाळतो आणि सहायक लहान गटांकडून इंग्रजी बोलून घेतो, आपल्या देशाविषयी सांगतो. मात्र प्राथमिक शाळेत वर्गाचा बराच भार त्याच्यावरही पडू शकतो. कपातीनंतर महिन्याला साधारण 800 युरो हाती येतात. एवढ्यात छोट्या गावी काटकसरीने राहता येते, पॅरिसमध्ये कठीण जाते, आणि नेमणूक कोणत्या गावी होईल हे आपल्या हाती नसते. काही शाळा वसतिगृहात खोली देतात, पण ती मिळेलच असे गृहीत धरू नये. खरी अट फ्रेंचची आहे. बी1 म्हणजे मध्यम पातळीपर्यंत पोहोचण्यास नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षे सहज लागतात, म्हणून हा मार्ग आज निर्णय घेऊन उद्या निघण्याचा नाही.

थायलंडला स्थानिक भाषेची अट नसते. पदवी आणि इंग्रजी चाचणीचे प्रमाणपत्र लागते. टोइक या चाचणीत 600 गुण ही इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवारांकडून सर्रास होणारी मागणी आहे. पहिले सत्र मेच्या मध्यावर आणि दुसरे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. नाव सहायकाचे असले तरी सकाळच्या राष्ट्रगीतापासून दुपारपर्यंत शाळेत थांबावे लागते, आठवड्याला वीसच्या आसपास तासिका असतात आणि भरलेल्या वर्गासमोर अनेकदा एकट्यानेच उभे राहावे लागते. येथील धोका दलालांचा आहे. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, बाकीचे नंतर पाहू’ असे कोणी म्हटले तर तेथेच थांबावे, कारण नॉन-बी (नोकरीसाठीचा) व्हिसा आणि कामाचा परवाना नसताना शिकवणे हा गुन्हा आहे आणि त्याची झळ शिक्षकालाच बसते.

बी.एड. झालेल्यांनी दक्षिण कोरियाही पाहावा. 1 जानेवारी 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांसाठी तरतूद आहे.

शेतकरी घरासाठी पैशाची वेळ रकमेइतकीच महत्त्वाची ठरते. फ्रान्सला सप्टेंबरअखेर निघावे लागते. तेव्हा कापूस शेतातच असतो, तूर तर आणखी लांब असते, आणि विमानाचे तिकीट, घराची अनामत व पहिल्या पगारापर्यंतचा खर्च मात्र आधीच उभा करावा लागतो. थायलंडचे पहिले सत्र कापूस-तूर विकून झाल्यावर येते, पण त्याच पैशातून खरिपाचे बियाणे-खतही घ्यायचे असते. त्यासाठी सावकाराकडून उचल करून जाण्याचा सल्ला मी कोणालाच देणार नाही. 7 महिन्यांच्या करारातून व्याजासह कर्ज फेडणे कठीण आहे.

ज्याने फ्रेंच आधीच शिकली आहे, त्याने फ्रान्ससाठी नक्की अर्ज करावा. 12 तासांच्या कामात वाचनाला मोकळा वेळ मिळतो. ज्याला पुढे शिक्षकच व्हायचे आहे, त्याला थायलंडमधील पूर्ण वेळेचा वर्ग अधिक शिकवील असे मला वाटते. पवित्र पोर्टलवरील शिक्षकभरतीची वाट पाहणाऱ्याने मात्र कागदपत्र पडताळणीला ऐनवेळी परत यावे लागले तर करार मोडता येईल का, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कोठेही जायचे असले तरी जन्मदाखला आजच काढून पाहावा. फ्रान्समध्ये सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी तो मागतात, आणि आपल्याकडे अनेकांची जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असते, तर ग्रामपंचायतीच्या नोंदीत नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते. ती नोंद पूर्ण करून घेणे, दाखला, पदवी आणि पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे करणे आणि मग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र मिळवणे, यात काही महिने निघून जातात.