स्ट्रॅटचा आवाज भरदार करायचा, तर नेकला कोणता पिकअप?

स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) धर्तीच्या, तीन सिंगल कॉइल म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप असलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पातळ वाटू लागला की बहुतेकांच्या मनात पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा भाग, बदलण्याचा विचार येतो. विचार रास्तच आहे; मात्र ‘वॉर्म टोन हवा’ असे म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात. कोणाला कानाला टोचणारी वरची धार बोथट करून हवी असते, तर कोणाला खालच्या आणि मधल्या स्वरपट्ट्यांत भरीवपणा हवा असतो. पहिल्याचे काम वेगळा सिंगल कॉइल बसवून भागते, दुसऱ्याला पिकअपची जातच बदलावी लागते. खालची तुलना मी नेक पिकअपपुरती, म्हणजे गिटारच्या मानेलगतच्या पिकअपपुरती, ठेवली आहे, कारण गोलाईचा आवाज आपण मुख्यतः तिथूनच काढतो.

खरेदीच्या वेळी डीसी रेझिस्टन्सचा, म्हणजे गुंडाळीच्या तारेच्या विद्युत रोधाचा, आकडा हमखास पुढे केला जातो. किलोओहम जास्त म्हणजे आवाज जाड, हे समीकरण एकाच रचनेच्या आणि एकाच जाडीच्या तारेच्या पिकअपांपुरते खरे आहे. ४२ गेजऐवजी त्याहून बारीक ४३ गेजची तार वापरली, तर वेढे तितकेच राहूनही रेझिस्टन्स वाढतो आणि आवाज मात्र त्या प्रमाणात जाड होत नाही. इंडक्टन्सचा (बदलत्या विद्युत प्रवाहाला गुंडाळी किती अटकाव करते त्याच्या मापाचा) आकडा मिळाला तर तो अधिक बोलका असतो. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपचा तो साधारण २ ते २.५ हेन्री असतो आणि पीएएफ (गिब्सनचा जुना नमुना) धर्तीच्या हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, ४ हेन्रींच्या आसपास. तो जितका जास्त, तितके पिकअपच्या प्रतिसादाचे शिखर खालच्या कंपनसंख्येकडे सरकते आणि कानाला तेच ‘उबदार’ वाटते.

सिंगल कॉइलच ठेवायचा असेल, तर निवड प्रामुख्याने चुंबकाची आहे. अल्निको ही चुंबकाची मिश्रधातू आणि आकडा तिचा प्रकार सांगतो. अल्निको ५ जोरकस असतो. त्याचा खर्ज घट्ट आणि वरची धार स्पष्ट असते. अल्निको २ तुलनेने सौम्य असल्यामुळे तार छेडल्याक्षणीचा ठोका मऊ होतो आणि स्वर थोडा फुलून येतो. सीमोर डंकन या पिकअप बनवणाऱ्या कंपनीचा अल्निको टू प्रो स्टॅगर्ड हा या गटातला ठळक पर्याय आहे. सौम्य चुंबकाचा आणखी एक फायदा आहे. अल्निको ५चे खांब (प्रत्येक तारेखालचे चुंबकाचे दांडे) तारांच्या फार जवळ आले, की सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच वेळी दोन स्वर वाजत असल्यासारखी थरथर ऐकू येते. ती चुंबकाच्या ओढीमुळे येते आणि अल्निको २मध्ये बरीच कमी होते. अर्थात याला भरदार म्हणता येणार नाही. स्ट्रॅटचा स्वभाव कायम राहतो, फक्त त्याचे कोपरे घासले जातात.

पी-९० हा गिब्सनचा १९४६च्या सुमाराचा सिंगल कॉइल आहे. त्याची गुंडाळी रुंद आणि बुटकी असते, वेढे जास्त असतात आणि चुंबक खांबांच्या रूपात नसून पट्ट्यांच्या रूपात खाली असतात. मधला स्वरपट्टा त्याच्याइतका ठसठशीत दुसरा कोणी देत नाही, असे माझे मत आहे. अडचण गुणगुणीची आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघर तो स्ट्रॅटइतकीच, अॅम्प्लिफायरचा गेन (संकेताची वाढ) चढवल्यावर तर अधिकच, उचलतो. घरातील अर्थिंग कच्चे असेल तर हा पर्याय लांबच ठेवावा.

ही घरघर घालवण्यासाठीच सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिब्सनमध्ये हंबकर घडवला. उलट दिशेने गुंडाळलेल्या दोन कॉइलना चुंबकाची विरुद्ध टोके दिल्यामुळे तारांचा संकेत जोडला जातो आणि घरघर एकमेकींत विरून जाते. दोन कॉइल तारेचा अधिक लांब भाग ऐकत असल्याने वरची धारही कमी होते. येथे खरी निवड डंकनच्याच दोन पिकअपांत आहे: अल्निको ५चा फिफ्टी-नाइन आणि अल्निको २चा अल्निको टू प्रो. क्लीन म्हणजे न फाटलेल्या आवाजात जॅझकडे झुकणारे वादन करायचे असेल तर फिफ्टी-नाइनचा भरगच्च खर्ज सुखावतो. पण डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) तोच खर्ज जाड तारांवर गढूळ होतो. मिश्र वादन करणाऱ्याला मी अल्निको टू प्रो सुचवेन. तत्पूर्वी पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पातळ पट्टी) उघडून खालची खाच पाहावी. काही गिटारांत ती हंबकर मावेल इतकी मोठी कोरलेली असते, अन्यथा लाकूड कोरून घ्यावे लागते आणि पिकगार्ड तर बदलावाच लागतो.

सिंगल कॉइलच्या आकाराचे छोटे हंबकर या कोरीवकामातून सुटका करतात. ते शांत आणि जाड वाजतात. मात्र कॉइल अरुंद असल्यामुळे मोठ्या हंबकरची ऐसपैस गोलाई त्यांत येत नाही.

पैसे मोजण्याआधी स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा. नेक पिकअप दीड-दोन मिलिमीटर खाली उतरवल्यावर माझ्या गिटारचा कर्कशपणा निम्मा गेला होता. नंतर हाव सुटून कॉइल उघडी असताना पेचकस निसटला, केसाहून बारीक तार तुटली आणि पिकअप मुका झाला, तो भाग वेगळा. पॉटचेही, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या बदलत्या रोधकाचेही, तसेच आहे: हंबकरला ५०० के (किलोओहम) आणि सिंगल कॉइलला २५० के हा रिवाज आहे, पण गोलाईच हवी असेल तर हंबकर २५० केवर ठेवून पाहायला हरकत नाही.

एकटाच नेक पिकअप बदलणार असाल, तर मधल्या पिकअपशी त्याची फेज (दोन्हींच्या संकेतांची दिशा) जुळते का, हे सोल्डर पक्के करण्याआधी तपासावे. स्विच नेक आणि मधला एकत्र वाजतील अशा जागी आणल्यावर आवाज पूर्वीपेक्षाही पोकळ आणि नाकात आला, तर नव्या सिंगल कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. पिकअपला धातूचे कव्हर असेल, तर आधी त्याची अर्थची जोडणी वेगळी करून घ्यावी लागते.