गारगोटी दाखवली, काच विकली

तीर्थक्षेत्री स्फटिकाची माळ किंवा शिवलिंग घेणार असाल तर आधी हे वाचा. मागच्या श्रावणात एका दुकानदाराने माझ्या आत्याला 'अस्सल हिमालयीन स्फटिक' म्हणून 108 मण्यांची माळ 3,500 रुपयांना विकली. ती काचेची निघाली.

त्याची पद्धत समजून घ्या. आधी त्याने शटर अर्धं ओढून अंधार केला आणि दोन पांढरे दगड एकमेकांवर घासले. दगडांत पिवळसर उजेड चमकला. आत्याचं बालपण नदीकाठचं. गोधडीत शिरून गारगोट्या घासायच्या, उजेड बघायचा, मग हाताला येणारा जळका वास घ्यायचा, हे सगळं तिने केलेलं. चकमकीवर गारगोटी मारून कापूस पेटवणारी माणसंही तिने पाहिलेली. तिला लगेच खात्री पटली. गारगोटी आणि स्फटिक ही एकाच खनिजाची, क्वार्ट्झची रूपं. पण घासले ते दगड खऱ्या गारगोटीचे होते, आणि माळ निघाली काउंटरखालच्या डब्यातून! दाखवायचं एक, विकायचं दुसरं. देवासाठी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी असं वागणाऱ्याचा मला मनस्वी संताप येतो.

पुढे तो म्हणाला, "माई, गालाला लावून बघा. हजारो वर्षं गोठलेला बर्फच आहे हा." ही समजूत फार जुनी, पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानेही स्फटिक म्हणजे घट्ट गोठलेला बर्फ असंच लिहिलं आहे. बर्फाशी त्याचा काही संबंध नाही. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) खडकांच्या भेगांत, पोकळ्यांत साचत जाते आणि स्फटिक घडतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही तो सापडतो. भूखंडांच्या कवचात फेल्डस्पार या खनिजाच्या खालोखाल क्वार्ट्झच आहे, त्यामुळे 'फार दुर्मिळ' म्हणून भाव चढवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गालाला काचही गारच लागते. स्फटिक जास्त वेळ गार राहतो, पण तुलनेला शेजारी काच नसेल तर ते कळत नाही. आरशावर ओरखडा काढून दाखवतात, त्यालाही भुलू नका. खनिजांच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर स्फटिकाची कठिणता 7, काचेची साधारण 5.5, तरी काचेची धारदार कडही काचेवर ओरखडा काढते.

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून मणी पाहा. आत्याच्या माळेत गोल बुडबुडे स्पष्ट दिसले, आणि ते काचेचंच लक्षण. बुडबुडे नसले म्हणजे माळ खरी, असं मात्र नाही. प्रयोगशाळेत वाढवलेलं क्वार्ट्झही बाजारात असतं. ते ओळखायला रत्नपरीक्षकच लागतो.

आत्याच्या बिलावर नुसतं 'माळ, 1 नग' लिहिलेलं. दुकानदाराने तेवढ्यावरच हात झटकले. सोबतच्या छापील 'प्रमाणपत्रा'वर ना वजन होतं, ना फोटो. बिलावर 'नैसर्गिक स्फटिक' असे शब्द लिहून मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर पैसे काढूच नका. आधीच फसला असाल तर बिल, पाकीट, माळ जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा.