फॅन्सी अक्षरांचं अ‍ॅप: फराळाच्या यादीवर वापरून पाहिलं

मी डोंबिवलीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. गेल्या दिवाळीआधी भाच्याने फोनमध्ये फॅन्सी अक्षरांचं एक फुकट अ‍ॅप टाकून दिलं. आपण टाईप करायचं, ते जाड, तिरकी, लपेटेदार, गोलातली अशी कितीतरी रूपं दाखवतं. आवडेल ते कॉपी करून इन्स्टाच्या बायोत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवायचं. दर कॉपीमागे एक जाहिरात येते, तेवढं चालतं.

इंग्रजीत लिहिलेलं आमचं नाव लपेटेदार अक्षरांत खरंच देखणं दिसलं. मराठीला मात्र या अ‍ॅपचा काही उपयोग नाही. 'चकली' टाकलं तर बहुतेक रूपांत चकली जशीच्या तशी, दोन्ही बाजूंना नुसती नक्षी. खाली रेघ ओढणाऱ्या रूपात तर 'ली'ची वेलांटी सुटली आणि ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर जाऊन बसली. भाच्याने कारण सांगितलं. हे फॉन्ट नव्हेतच, ही निराळीच अक्षरं आहेत. गणितात जाड अक्षर म्हणजे सदिश (दिशा असलेली राशी, व्हेक्टर), साधं अक्षर म्हणजे वेगळी राशी, असा फरक ठेवावा लागतो. म्हणून युनिकोडने, म्हणजे फोन-संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेने, २००१ मध्ये रोमन अक्षरांच्या जाड, तिरक्या, लपेटेदार प्रती स्वतंत्र चिन्हं म्हणून घेतल्या. देवनागरीच्या अशा प्रती नाहीत, मग अ‍ॅप तरी देणार कुठून?

त्या गणिती चिन्हांत इंग्रजी आकड्यांचेही पाच संच आहेत. मी पदार्थांची नावं साध्या मराठीत ठेवली आणि भाव त्या जाड आकड्यांत टाकले. यादी उठून दिसली, मी खूश.

दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. काकांना दिसत नाही, ते फोनकडून सगळं वाचून घेतात. "ताई, यंदा भाव काय लावलेत ते कळेना." संध्याकाळी शेव द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझीच यादी मला ऐकवली. "चकली" नीट आलं आणि पुढे, "मॅथमॅटिकल बोल्ड डिजिट फोर, मॅथमॅटिकल बोल्ड डिजिट एट..." बारा पदार्थ, प्रत्येकापुढे हेच. काका शांतपणे ऐकत होते, मला मात्र खूप वाईट वाटलं. घरी येऊन सासूबाईंच्या जुन्या फोनवर यादी उघडली, तर भावांच्या जागी नुसते चौकोन.

त्याच रात्री यादी नव्याने लिहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या आधी आणि नंतर तारका टाकली की तो जाड दिसतो, अंडरस्कोअर टाकला की तिरका. मराठीलाही हे चालतं, अक्षर तेच राहतं आणि काकांचा फोन भाव सरळ वाचतो. जाहिरातही नाही.

अ‍ॅपला ५ पैकी २ तारे. नक्षीच्या ओळी छान आहेत, यादीच्या वर एक ओळ मी अजूनही लावते. पण नाव, भाव, पत्ता, फोन नंबर यातलं काहीही या अक्षरांत लिहू नका. बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: कॉपीच्या बटणाजवळ 'काही फोनवर हे वाचता येणार नाही' एवढी एक ओळ टाका. मला ती दिसली असती तर भाव मी साधेच लिहिले असते.